तोडणीचा हात

६ फेब्रुवारी

प्रयोगवहीत वजन, तापमान आणि वेळ लिहायची. मतं लिहायची नाहीत. एकतीस वर्षं मुलींना हेच शिकवलं. माझ्याकडे मतं बरीच साठली आहेत, म्हणून ही दुसरी वही.

आज फूल उत्पादक संघाची बैठक झाली. उतारावरच्या अकरा घरांचा हा संघ, आणि अध्यक्ष माझे दीर. विषय एकच. काचघरवाल्या कंपनीला आपला उतार भाड्याने हवा आहे. सगळा हवा, नाहीतर काहीच नको. म्हणजे व्हायोलेटचे वाफे उपटायचे, दगडी बांध सपाट करायचे आणि वर काच चढवून ढोबळी मिरची लावायची. गावात व्हायोलेटला कोणी व्हायोलेट म्हणत नाही, जांभळी म्हणतात. जांभळीची जुडी कोटाला लावून हिंडणारी माणसं आता उरली नाहीत, हे खरं. गेल्या हंगामात निम्मी फुलं वाफ्यातच वाळली.

मी उठून म्हटलं, "फूल विकलं जात नसेल तर वास विकू."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, वासावर शेत उभं राहत नाही."

"तुमच्या भाषणांवर इतकी वर्षं उभं आहे, त्यापेक्षा बरं राहील."

हशा पिकला, आणि हसलेली माणसं मुदत द्यायला तयार होतात. वीस एप्रिलला मतदान. तोवर एखाद्या सुगंधाच्या कंपनीचं लेखी पत्र आणलं तर वाफे राहतील, नाहीतर काच.

एक कंपनी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथे सुगंध जुळवणाऱ्या विभागाची मुख्य माझी विद्यार्थिनी आहे. हजेरीपटावर सत्तावीस नंबर. मला मुलींची नावं राहत नाहीत, नंबर राहतात. सत्तावीसने एकदा प्रयोगशाळेत बाटली सांडून सगळ्या शाळेला दोन दिवस केळ्यांचा वास आणला होता. शिक्षा केली, पण मनात म्हटलं, हिचं काहीतरी होणार. तिचं उत्तर आलं आहे: "बाई, नमुना पाठवा. खरं तेच सांगेन." मला तेवढंच हवं.

९ फेब्रुवारी

माळ्यावरून चौकटी उतरवल्या. चाळीस. एकही काच फुटलेली नाही.

पद्धत सोपी आहे. लाकडी चौकटीतल्या काचेवर शुद्ध चरबीचा पातळ थर द्यायचा, त्यावर फुलं पालथी मांडायची. दुसऱ्या दिवशी ती उचलून ताजी मांडायची. असं दोन-तीन आठवडे. फुलं आपला वास चरबीला देऊन टाकतात. मग ती चरबी अल्कोहोलात घुसळली की वास अल्कोहोलात उतरतो. सासूबाईंच्या तरुणपणी घरोघर हे चालायचं.

धाकटीला हे काम येतं. धाकटी म्हणजे भाऊजींची बायको, माझी जाऊ. ती सासूबाईंच्या हाताखाली इथेच राहिली. मी लग्नानंतर महिन्याभरात ह्यांच्याबरोबर शहरात गेले आणि हे गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, एकटी परत आले. धाकटी कामाला वाघ आहे. पण कारण विचारलं की म्हणते, "असंच असतं." असंच काही नसतं.

गावाची एक रीत मात्र मला पटते. जुडी एकदाच हुंगायची आणि शेजारच्या हातात द्यायची. दुसऱ्यांदा हुंगली की आळशी म्हणतात. यामागे शास्त्र आहे: व्हायोलेटचा वास नाकाला काही वेळ बधिर करतो. दुसऱ्यांदा हुंगणाऱ्याला काही कळतच नाही. धाकटीला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आम्ही तेच तर करतो, ताई."

१२ फेब्रुवारी

तोडणी सुरू. धाकटी धरून पाच बायका. सकाळी दव वाळलं की वाफ्यात वाकायचं, ते ऊन चढेपर्यंत. फूल लांब देठासकट खुडतात, दोन पानंही सोबत घेतात. सवयच आहे, जुडीभोवती पानांची झालर लागते म्हणून. मग कोठारात चौकटीशी बसून पानं बाजूला टाकतात आणि अंगठ्याच्या नखाने देठ तोडून फूल काचेवर ठेवतात. हात चालतात तसं तोंड चालतं. कोणाच्या सुनेला काय येत नाही याची यादी आज पूर्ण झाली असावी.

सगळ्यांची बोटं हिरवी होतात. चरबीच्या कडेला अंगठ्यांचे हिरवे ठसे उठले आहेत. बघवत नाही. पण पहिलाच दिवस, म्हणून बोलले नाही.

२२ फेब्रुवारी

सहा चौकटींची चरबी लवकर काढून नमुना केला. दहा दिवसांत जेवढा वास उतरला तेवढा.

कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला आणि एकदाच हुंगला, रीतीप्रमाणे. आणि का कोण जाणे, मला ह्यांची आठवण आली. गेल्याची नव्हे, लग्न ठरल्यावर मला भेटायला गावाहून यायचे तेव्हाची. दारात उभे राहून घाम पुसणारे. पाच मिनिटं मी स्टुलावर बसून राहिले.

प्रयोगवहीत लिहिलं: "वास समाधानकारक." आठवण हे मोजमाप नव्हे.

नमुना पाठवला.

२८ फेब्रुवारी

सत्तावीसचा फोन. आधी "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना" वगैरे. म्हटलं, मुद्द्यावर ये. ती म्हणाली, "बाई, असं व्हायोलेट मी कधी हुंगलं नाही. बाजारात आहे ते सगळं गोड पावडरीचं. हे कोणीतरी आत्ता तोडून आणल्यासारखं आहे. आमच्या साहेबांनी पट्टी खिशात घालून घरी नेली."

आता तिला मोठा नमुना हवा आहे, हुबेहूब पहिल्यासारखा. तो जुळला तर कंपनी पुढचे तीन हंगाम सगळा माल घेईल आणि तसं लिहून देईल.

हुबेहूब. याचा अर्थ मला चांगला कळतो. पहिला नमुना नशिबाने जमला, कारण कामात शिस्त कुठेच नव्हती. आता नशिबावर काही सोडायचं नाही.

२ मार्च

कोठाराच्या भिंतीवर नियम लावले. एक, चौकटीला हात लावण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुणे. दोन, रबरी हातमोजे घालणे. तीन, देठ आणि पानं कोठाराबाहेर कात्रीने काढणे. आत फक्त फूल. चार, गप्पा कमी. सगळ्या जुन्या चौकटींची चरबी खरवडून टाकली, काचा उकळत्या पाण्याने धुतल्या आणि नवी चरबी लावली.

धाकटी दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, तोडणीचा हात धुवायचा नसतो."

"का?"

"नाही धुवायचा. मांडणी होईस्तोवर नाही. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा कोठारात येऊ द्यायच्या नाहीत."

"पण का?"

तिने बराच विचार केला. मग तेच. "असंच असतं."

मी म्हटलं, "एकतीस वर्षं मी एकाही मुलीला हात न धुता प्रयोगशाळेत पाऊल टाकू दिलं नाही. सासूबाईंना मी मानते, पण त्यांना जंतू माहीत नव्हते."

"जंतू नसतील," धाकटी म्हणाली, "पण नाक होतं."

बाकीच्या चौघी खाली मान घालून हसल्या. मी सांगितलं की या कोठारात माझं चालेल. त्यानंतर कोणी हसलं नाही. हातमोजे घातले सगळ्यांनी. गप्पांचा नियम मात्र कोणी वाचलेला दिसत नाही.

संध्याकाळी चौकटी मोजल्या. एकोणचाळीस.

८ मार्च

कोठारात शिस्त आली आहे. चरबी दुधासारखी पांढरी. एकही ठसा नाही. पाहून डोळे निवतात.

परत एकोणचाळीस. भाऊजींना विचारलं. म्हणाले, "माझ्यावर काय संशय घेता वहिनी, मी फक्त अध्यक्ष आहे. मला कोण काही उचलू देतं?"

साबण आणि अल्कोहोल यांनी माझ्या हातांची सालं निघाली आहेत. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, पेन धरवत नाही. खोलीच्या खिडकीत मलमाची एक पत्र्याची डबी दिसली, धाकटीने ठेवलेली असणार. दुपारी जेवण झाल्यावर लावते. बरं वाटतं. कसलं आहे कोणास ठाऊक. दिवसभर व्हायोलेटात राहून माझं नाक दुपारपर्यंत बंद पडलेलं असतं, मला तेव्हा रॉकेलही कळणार नाही.

१५ मार्च

भेगा भरल्या. काम चोख.

२१ मार्च

दुसरा नमुना तयार. पारदर्शक, एक कण गाळ नाही. पहिला किंचित हिरवट होता. सकाळी ताज्या नाकाने एकदा हुंगला. व्हायोलेट आहे, स्वच्छ, गोड. ह्यांची वगैरे आठवण आली नाही. म्हणजे मन थाऱ्यावर आहे.

धाकटीच्या हातात पट्टी दिली. तिने हुंगली आणि पुढच्या बाईला दिली, तिने पुढच्या. पाचही जणी गप्प. एरवी ज्यांची तोंडं मिटत नाहीत त्या पाचही जणी.

"काय झालं?" मी विचारलं.

"छान आहे," धाकटी म्हणाली. "पाहुण्यांसारखं आहे."

तिच्या बोलण्याला काही अर्थ असतो का, हा मला नेहमीच पडणारा प्रश्न आहे. नमुना पाठवला.

२९ मार्च

सत्तावीसचा फोन. या वेळी मी बरी आहे का हे विचारलं नाही, त्यावरूनच समजले.

"बाई, राग मानू नका. हा साबण आहे."

"साबण?"

"चांगला साबण. पण साबणच. पहिला नमुना तुम्हीच केला होता ना?"

दुसऱ्याने केला असता तर तिला बरं वाटलं असतं, असा तिचा सूर होता. मी म्हटलं, तिसरा पाठवते. फोन ठेवला आणि उभीच राहिले. वर्गासमोर प्रयोग फसला तर आपण मुलींकडे बघतो आणि म्हणतो, "यातूनही शिकायचं असतं." किती सहज म्हणत होते मी.

उतारावर जेमतेम आठ-दहा दिवसांची फुलं उरली आहेत.

३० मार्च

कारणं तपासली. चरबी तीच, त्याच दुकानाची. अल्कोहोल तेच. तापमान दोन अंशांनी वाढलं आहे, ते ऋतूमुळे. एवढ्याने साबण होत नाही. फुलं त्याच वाफ्यातली. तोडणाऱ्या बायका त्याच. मग पहिल्यापेक्षा दुसऱ्यात वेगळं काय? फक्त शिस्त. शिस्तीने नुकसान होत नाही. म्हणजे शिस्त कुठेतरी कमी पडते आहे.

३१ मार्च

कमी कुठे पडते ते आज पाहिलं. धाकटी कोठाराच्या मागच्या दाराने शालीखाली काहीतरी घेऊन बाहेर पडली. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर, जुन्या चादरीखाली, चाळिसावी चौकट. चरबी पिवळट, कडेला हिरवे अंगठे, एक पान चिकटलेलं.

"ही काय आहे?"

"घरची चौकट."

"घरची म्हणजे?"

"दर साली एक घरची असते. विकायची नसते."

"आणि तू तिच्यासाठी माझ्या कोठारातली फुलं नेतेस? हे घाणेरडे हात घेऊन आत-बाहेर करतेस? त्या एकोणचाळीस का बिघडल्या ते मला आत्ता समजलं."

ती लाल झाली. चौकटीवर चादर पुन्हा नीट घातली, चारही कोपरे ओढून. मग म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला सांगायचं म्हणजे कारण लागतं. माझ्याकडे कारण नाही, म्हणून मी सांगत नाही." आणि आत गेली.

उद्यापासून तिने कोठारात यायचं नाही, असं मी भाऊजींकरवी कळवलं.

३ एप्रिल

आम्ही जावा बोलत नाही. भाऊजी मध्ये निरोप्या. "ती म्हणते चहा झालाय." "तिला सांगा, येते." आम्ही तिघे एकाच टेबलाशी असतो. आज भाऊजी म्हणाले, "मी दोन्हीकडून हमालीच घेऊ का आता?" कोणी हसलं नाही.

तोडणी करणाऱ्या चौघी आता गप्पा मारत नाहीत. माझा चौथा नियम अखेर पाळला जातोय.

काल हातांना पुन्हा भेगा पडल्या. खिडकीतली डबी भरलेली होती. बोलत नाही, पण डबी भरते. स्वभाव म्हणून एकेकाचा असतो.

८ एप्रिल

शेवटची फुलं. तिसऱ्या नमुन्यासाठी नवे हातमोजे, उकळून गार केलेलं पाणी, फुलंसुद्धा मी स्वतः भिंगाखाली निवडली. यापेक्षा स्वच्छ कोणी काही करू शकणार नाही. मुदतीमुळे चरबी आधीच काढावी लागली, तरी वास भरपूर आहे.

पोस्टाने पाठवणार नाही. स्वतः घेऊन जाते. मतदानाला बारा दिवस आहेत. सत्तावीसच्या डोळ्यांत बघून ऐकायचं आहे, जे काय असेल ते.

११ एप्रिल

पहाटेच्या गाडीने गेले, दुपारी पोचले. सगळं क्रमाने लिहिते, कारण काही विसरायचं नाही.

सत्तावीसची खोली पांढरी, खिडकी उघडी, टेबलावर फक्त पट्ट्या. ती आता पन्नाशीला आली, चष्मा लागला, पण मला पाहून खुर्चीवरून ताडकन उठली. मी म्हटलं, बस. ती बसली. प्रवासात डाव्या हाताच्या पेराची भेग पुन्हा उकलली होती, म्हणून टेबलाशी बसल्यावर पर्समधली डबी काढून हातांना मलम लावलं आणि मग बाटली पुढे केली.

तिने पट्टी बुडवली, हुंगली, खाली ठेवली.

"साबण?" मी विचारलं.

"साबण," ती म्हणाली. "बाई, मी काय करू? साहेबांना पहिलाच हवा आहे. दुसरं कोणी असतं तर मी फोनवरच संपवलं असतं."

"माझ्यासाठी नियम बदलायचा नाही. मी तुला कधी एक गुण वाढवून दिला होता?"

"अर्धासुद्धा नाही."

मी उठले. ती दारापर्यंत आली आणि निरोप घ्यायला तिने माझे दोन्ही हात धरले. आणि तशीच थांबली. मग वाकून माझ्या हातांना नाक लावलं, अगदी लहान मुलीसारखं. मला वाटलं रडतेय. म्हटलं, "अगं, काय हे, ऊठ."

तिने मान वर केली ती हसत. "बाई, हा बघा! हा तुमच्या हाताला आहे. बाटलीत नाही, हाताला आहे!"

"काय माझ्या हाताला आहे?"

"पहिला नमुना!"

मी म्हटलं, शक्य नाही, गाडीतून उतरल्यावर मी हात दोनदा धुतले आहेत. "मग धुतल्यानंतर काय लावलं?" तिने विचारलं. एखाद्या ढ मुलीला विचारावं तसं, हळू. मी पर्समधून डबी काढली. तिने झाकण उघडून एकदा हुंगलं आणि डबी माझ्यापुढे धरली. गाडीत बसल्यापासून मी व्हायोलेटजवळ नव्हते, नाक ताजं होतं. हुंगलं.

दारात उभे राहून घाम पुसणारे हे. सासूबाईंच्या हाताखाली वाफ्यात काम आटोपून, तसेच निघून, गाडी पकडून मला भेटायला आलेले. हात न धुता.

सत्तावीस बोलत होती. "नुसतं फूल गोड असतं, बाई, साबणच होतो त्याचा. याच्यात पान आहे, देठाचा चीक आहे, चुरडलेला. कोणीतरी बोटांनी घातलाय. कोणी केलं हे?"

"माझ्या जावेने," मी म्हटलं.

१२ एप्रिल

परत आले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. भाऊजी वर्तमानपत्रामागे. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"माझं चुकलं."

तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस, या वेळी निरोप थेट आलाय."

मी तिला सगळं सांगितलं. पान, देठ, हिरवी बोटं. तोडणीचा हात का धुवायचा नाही ते. सांगताना एक गोष्ट ध्यानात आली, ती इथे लिहून ठेवते, सोयीची नसली तरी. एकदाच हुंगायची रीत मी मानली, कारण तिचं कारण मला आधीच माहीत होतं. हात न धुण्याचं कारण मला माहीत नव्हतं, म्हणून तो मी घाणेरडेपणा ठरवला. आणि पहिल्या नमुन्यात तेवढाच फरक होता, हे ३० मार्चला माझ्याच हाताने मी या वहीत लिहिलेलं आहे.

धाकटी ऐकून म्हणाली, "म्हणजे कारण होतं."

"होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, असंच असेल."

मग आम्ही चादर काढली. घरच्या चौकटीत वाफ्यातली शेवटची फुलं अजून मांडलेली होती. ही चरबी दर साली घरातल्या बायकांच्या हातांसाठी ठेवायची, हिवाळ्यात थंडीने हात फुटतात म्हणून; सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलं आहे. यंदा त्यातली बरीचशी माझ्याच हातांत जिरली होती. उरलेली खरवडून एक वाटी भरली. खिडकीतली डबीही तिच्यात रिकामी केली.

"सगळी जाईल," मी म्हटलं. "तुझ्या हातांना काय?"

"माझे कुठे फुटलेत? मी कुठे धुतले?"

१४ एप्रिल

एक छोटी बाटली निघाली. हिरवट. गाळायचा मोह झाला. नाही गाळली.

पट्टी धाकटीने हुंगली, भाऊजींना दिली, भाऊजींनी तोडणीच्या चौघींना. आणि त्या एकदम बोलायला लागल्या, सगळ्या मिळून, कोणाच्या सुनेपासून ते माझ्या हातमोज्यांपर्यंत. हातमोज्यांवर जे विनोद झाले ते लिहिण्यासारखे नाहीत.

भाऊजी स्वतः बाटली घेऊन शहरात गेले. म्हणाले, "अध्यक्षाने काहीतरी उचललं पाहिजे ना."

१८ एप्रिल

काही नाही. फोन नाही.

१९ एप्रिल

संध्याकाळी काचघरवाल्यांचा माणूस उतारावर फिरून गेला. पायांनी मोजत होता, आमच्या वाफ्यातून. धाकटी त्याला म्हणाली, "बांधावरून चाला." तो म्हणाला, "बाई, हे बांध तर जाणारच आहेत." ती म्हणाली, "जातील तेव्हा जातील. आज बांधावरून चाला." तो बांधावर चढला.

२० एप्रिल

पत्र सकाळच्या टपालाने आलं. सत्तावीसने फोन का केला नाही, तर साहेबांची सही होईपर्यंत तिला तोंड उघडायचं नव्हतं. शिकवलेलं वाया गेलं नाही.

पुढचे तीन हंगाम, अकराही घरांचा सगळा माल. अट एक: कृती पायरीपायरीने लिहून द्यायची, आणि ती कोणाची आहे त्या व्यक्तीचं नाव खाली लिहायचं.

मतदान झालं. आठ विरुद्ध तीन. वाफे राहिले. भाऊजींनी तटस्थ राहायला हवं होतं, पण निकाल त्यांनी दोनदा वाचून दाखवला. ज्या तिघांनी काचेला मत दिलं, त्यांच्याशी मी जाऊन बोलले. एकाचे गुडघे गेलेत, त्याला वाकवत नाही. त्याच्या वाफ्याची तोडणी आमच्या पाच जणी करतील, सहावी मी. मला अजून नीट तोडता येत नाही. शिकेन.

२३ एप्रिल

आज कृती लिहून काढली, धाकटीला समोर बसवून. ती सांगते, मी लिहिते. दव वाळल्यावर तोडायचं. देठ लांब घ्यायचा. दोन पानं सोबत. पानं काढायची ती बोटांनी, कात्री नाही. देठ अंगठ्याच्या नखाने. एकदाच हुंगायचं. दर साली एक चौकट घरची.

"हे कशाला?" मी विचारलं. "कंपनीला याचं काय?"

"यंदा तीच तर कामाला आली."

लिहिलं.

शेवटी नाव. "पूर्ण नाव सांग," मी म्हटलं. ती ओशाळली. म्हणाली, "माझं कशाला, सासूबाईंचं घाला. नाहीतर तुमचं." मी म्हटलं, माझं घातलं तर कंपनीला साबण मिळेल. मग तिने माहेरचं धरून अख्खं नाव सांगितलं. अडतीस वर्षं एका घरच्या जावा आम्ही, आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं. मला मुलींची नावं राहत नाहीत. हे राहील. अक्षर वळणदार काढलं, समारंभाच्या प्रमाणपत्रावर काढायचे तसं.

मग तिने कागद हातात घेऊन वरपासून सावकाश वाचला. मधल्या एका पायरीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं आहे: "मांडणी संपेपर्यंत तोडणाऱ्यांनी हात धुऊ नयेत."

"ताई, याच्याखाली दोन रेघा मारा."

"का?"

"तुमच्यासारखं कोणीतरी येईल ना कधीतरी."

मारल्या. तीन मारल्या.